टस्कीगीचे गुरुजी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिणेकडील राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसांचा बाजार भरत असे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या काळ्या लोकांचे वंशज तेथे कापसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांवर रात्रंदिवस राबत. गुराढोरांप्रमाणे त्यांची खरेदी-विक्री होई. आई गुलाम असली, की तिचे मूलही जन्मतः गुलाम ठरे. ते मूल हुशार आहे की मंद, प्रामाणिक आहे की लबाड, याची चौकशी करण्याचे कोणालाच कारण वाटत नसे. त्याच्या आयुष्याचा निकाल त्याच्या जन्माबरोबरच लागलेला असे.

अशा काळात, १८५६ साली, व्हर्जिनिया राज्यातील एका मळ्यावर बुकरचा जन्म झाला. त्याची आई जेन ही मळ्यावरची स्वयंपाकीण होती. ओंडक्यांची एक लहानशी झोपडी हेच मळ्याचे स्वयंपाकघर, आणि तेच जेनचे व तिच्या मुलांचे घर. खिडक्यांना काचा नव्हत्या, पायाखाली फरशी नव्हती. बुकरचा पिता जवळपासच्या मळ्यावरील कोणी गोरा मनुष्य होता, असे लोक म्हणत. परंतु त्याचे नावही बुकरला कधी कळले नाही.

गुलामांच्या मुलांना जवसाच्या झाडापासून काढलेल्या जाड्याभरड्या धाग्यांचा सदरा मिळे. नवा असताना तो अंगाला काट्यांसारखा टोचे. बुकरचा थोरला भाऊ जॉन याला धाकट्याचे हाल पाहवत नसत. म्हणून बुकरचा नवा सदरा तो स्वतः कित्येक दिवस अंगात घाली आणि थोडा मऊ झाल्यावर मग भावाला देई. त्या दरिद्री झोपडीत मायेला मात्र तोटा नव्हता.

मालकाच्या मुलीची पुस्तके घेऊन बुकर अनेकदा शाळेपर्यंत जाई. शाळेच्या दारापर्यंतच त्याला जाता येई. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याची त्याला मनाई होती. दारातून त्याला बाकांवर बसून शिकणारी मुले-मुली दिसत. त्या खोलीत जाऊन शिकणे म्हणजे स्वर्गात जाण्यासारखेच असले पाहिजे, असे त्या बालमनाला वाटे.

१८६१ साली उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत युद्ध पेटले. चार वर्षांनी ते संपले आणि १८६५ साली गुलामगिरी कायमची रद्द झाली. एके दिवशी मळ्यावरील सर्व गुलामांना मालकाच्या घरासमोर एकत्र जमविण्यात आले. एका परक्या गृहस्थाने एक कागद वाचून दाखविला आणि सर्वांना स्वतंत्र झाल्याचे सांगितले. जेनने मुलांचे मुके घेतले. तिच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहत होते. गुलामांच्या या मुक्ततेचे पडसाद दूर महाराष्ट्रापर्यंत पोचले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला.

पायांतील बेड्या कायद्याने तुटल्या. मनांतील बेड्या मात्र कायद्याने तुटत नाहीत. काळा मनुष्य आळशी, अडाणी आणि शिक्षणास नालायक असतो, असे असंख्य गोरे लोक मानीत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसलेल्या काळ्या लोकांच्या मनांतही गोऱ्यांविषयी भय आणि संशय यांवाचून दुसरे काही उरले नव्हते. दोन्ही समाज एकाच गावात राहत, एकाच विहिरीच्या पाण्यावर जगत. परंतु एकमेकांना ओळखत नसत.

स्वतंत्र झाल्यावर जेन मुलांसह वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन या गावी गेली. बुकरचे सावत्र वडील तेथील मिठाच्या कारखान्यात काम करीत. काही शेकडो मैलांचा तो प्रवास मुलांनी बहुतेक पायीच केला. तेथे पोचताच लहानग्या बुकरलाही कामास जुंपण्यात आले. सावत्र वडिलांच्या पिंपांवर रोज १८ हा आकडा घातला जाई. तो आकडा पाहून पाहून बुकर ओळखू लागला. त्याच्या विद्येचा श्रीगणेशा असा मिठाच्या पिंपावर झाला. पुढे आईने कोठून तरी एक अंकलिपी मिळविली आणि त्या पुस्तकावरून तो अक्षरे शिकला. काळ्या मुलांसाठी गावात शाळा निघाली, तेव्हा पहाटे कारखान्यात काम करून तो शाळेत जाऊ लागला. इतर मुलांना दोन-दोन नावे असतात आणि आपल्याला एकच आहे, हे ध्यानात येताच त्याने हजेरीच्या वेळी आपले नाव बुकर वॉशिंग्टन असे सांगून टाकले. तेच नाव पुढे जगाला माहीत झाले.

त्यानंतर काही काळ तो कोळशाच्या खाणीत काम करी. खाणीचे मालक जनरल रफनर यांच्या घरी एका नोकराची जागा रिकामी झाली. ती बहुधा रिकामीच असे. रफनरबाई या उत्तरेकडील व्हरमाँट राज्यातून आलेल्या, फार करड्या शिस्तीच्या होत्या. त्यांच्याकडे एकही मुलगा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकत नाही, अशी त्यांची गावभर ख्याती होती. महिना पाच डॉलर पगारावर बुकर तेथे कामाला गेला, तेव्हा बाईंच्या समोर उभे राहताना त्याचे पाय लटपटत होते.

काही आठवड्यांतच त्याला निराळाच अनुभव आला. बाई कठोर होत्या, पण लहरी नव्हत्या. घर आणि अंगण आरशासारखे स्वच्छ असावे, काम वेळच्या वेळी व्हावे आणि बोलणे खरे असावे, एवढीच त्यांची अपेक्षा असे. ज्या मुलांनी ती अपेक्षा जाणून घेतली नाही, ती पळून गेली. बुकरने ती जाणून घेतली आणि तो राहिला. बाईंनी त्याला हिवाळ्यात दिवसातून तासभर शाळेत जाण्याची सवलत दिली आणि वाचनासाठी उत्तेजन दिले. एका जुन्या खोक्याला फळ्या ठोकून त्याने आपले पहिले ग्रंथालय याच घरी मांडले. ज्या बाईचे नुसते नाव ऐकून तो थरथरला होता, तिला तो पुढे जन्मभर आपली हितकर्ती मानीत असे. ऐकीव गोष्टींवरून माणसाविषयी मत बनवू नये, हा धडा त्याला असा लहान वयातच मिळाला.

खाणीत असताना एकदा दोन कामगारांचे बोलणे त्याच्या कानी पडले होते. व्हर्जिनियातील हॅम्प्टन या ठिकाणी काळ्या विद्यार्थ्यांसाठी एक मोठी शाळा असून तेथे गरीब मुलांना काम करून शिकता येते, असे ते बोलत होते. तेव्हापासून त्या शाळेचा ध्यास बुकरच्या मनाला लागला. १८७२ साली, सोळाव्या वर्षी, तो घरातून निघाला. हॅम्प्टन सुमारे ५०० मैल दूर होते आणि खिशात पुरेसे पैसे नव्हते.

पहिल्याच रात्री डोंगरातील एका खाणावळीपाशी घोडागाडी थांबली. गाडीतील सर्व गोऱ्या प्रवाशांना खोल्या मिळाल्या. बुकरचा काळा रंग पाहताच, त्याच्याजवळ पैसे आहेत की नाहीत हेदेखील न विचारता, मालकाने त्याला नकार दिला. कडाक्याच्या थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून तो रात्रभर रस्त्यावर येरझारा घालीत राहिला. पुढे कधी पायी, कधी कोणाच्या गाडीतून तो रिचमंड शहरी पोचला. तेथे त्याच्याजवळ एक कवडीही उरली नाही. लाकडी फळ्यांच्या उंच पदपथाखाली शिरून, कपड्यांची पिशवी उशाशी घेऊन तो झोपला. डोक्यावरून रात्रभर लोकांच्या पावलांचा आवाज येत होता. सकाळी बंदरात एका जहाजातून लोखंड उतरविण्याचे काम चाललेले त्याला दिसले. जहाजाच्या गोऱ्या कप्तानाने त्याला काम दिले आणि त्याचे काम पाहून ते पुढेही चालू ठेवले. एका गोऱ्याने त्याला थंडीत उभे केले होते. दुसऱ्या गोऱ्याने त्याच्या पोटाची सोय केली.

हॅम्प्टनला पोचला, तेव्हा त्याच्याजवळ पन्नास सेंट उरले होते. अंगावरचे कपडे मळलेले, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर उपवासाची कळा. मुख्य शिक्षिका मॅकीबाई यांना हा मुलगा म्हणजे कोणी भटक्या असावा, असे वाटले. इतर मुलांना प्रवेश मिळत होता आणि बुकर नुसता उभा होता. अखेरीस बाईंनी त्याला शेजारची वर्गखोली झाडण्यास सांगितले. बुकरने ती खोली तीनदा झाडली आणि चार वेळा पुसली. बाके, भिंती, कानाकोपरे, काहीही सोडले नाही. बाईंनी येऊन आपला रुमाल लाकडावरून फिरविला. रुमालाला धुळीचा कणही लागला नाही. बुकरला प्रवेश मिळाला, आणि शाळेच्या झाडलोटीचे कामही मिळाले. प्रथमदर्शनी बनलेले आपले मत मॅकीबाईंनी परीक्षा घेऊन बदलले, हा त्यांचा मोठेपणाच होय.

हॅम्प्टनची शाळा जनरल आर्मस्ट्राँग यांनी १८६८ साली स्थापन केली होती. हे गोरे सेनापती युद्धात दक्षिणेविरुद्ध लढले होते. तरीही दक्षिणेतील गोऱ्यांविषयी त्यांच्या तोंडून कधी कडवट शब्द निघत नसे. काळ्या विद्यार्थ्यांसाठी ते रात्रंदिवस झटत. एकदा सुटीनंतर शाळा उघडण्यापूर्वी मॅकीबाईंनी बुकरला लवकर बोलावून घेतले. दोन आठवडे ही सुसंस्कृत, प्रतिष्ठित घराण्यातील गोरी बाई एका गुलामाच्या मुलाबरोबर खिडक्या पुशीत आणि खोल्या झाडीत होती. गोरा म्हणजे हुकूम सोडणारा आणि काळा म्हणजे राबणारा, हे बालपणापासून मनात ठसलेले चित्र त्या दोन आठवड्यांत पुसले गेले. द्वेषाने द्वेष करणाऱ्याचेच मन हीन होते, असे बुकरला येथे उमगले आणि कोणाचाही द्वेष करावयाचा नाही, असा निश्चय त्याने केला.

१८७५ साली बुकर पदवीधर झाला. काही वर्षे त्याने माल्डन येथे शिकविले. नंतर तो हॅम्प्टनला शिक्षक म्हणून परत आला. तेथे त्याच्या निश्चयाची खरी कसोटी लागली.

त्या सुमारास हॅम्प्टनमध्ये अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची मुले शिकण्यासाठी आणली गेली. गोरे लोक त्यांना इंडियन म्हणत. सुमारे ७५ तरुणांची व्यवस्था पाहण्यासाठी त्यांच्याच वसतिगृहात राहावे, असे आर्मस्ट्राँग यांनी बुकरला सुचविले. बुकर मनातून चरकला. हे लोक रानटी आहेत, त्यांना शिकविणे व्यर्थ आहे, असे सर्वत्र बोलले जाई. शिवाय यांच्यातील काही जमातींनी पूर्वी काळे गुलाम बाळगले होते. म्हणून आपल्यासारख्या काळ्या माणसाचे ते मुळीच ऐकणार नाहीत, अशी त्याची समजूत होती. ज्याला स्वतःला जन्मभर रंगावरून जोखले गेले, तोच आता न पाहिलेल्या माणसांना ऐकीव गोष्टींवरून जोखीत होता.

तरीही तो गेला. त्या वसतिगृहात त्यांच्या जमातींबाहेरचा असा तो एकटाच होता. दिवस जात होते आणि त्याचे भय कमी होत होते. ही मुले इतर कोणत्याही मुलांसारखीच आहेत, असे त्याला दिसून आले. मायेने वागविले की ती माया करीत. अपमान झाला की त्यांना राग येई. बुकरला सुख कसे होईल, याचा विचारही ती मुले आपसांत करू लागली. इंग्रजी भाषेची अडचण सोडली, तर अभ्यासात किंवा हातकामात ती काळ्या विद्यार्थ्यांहून कोठेही कमी नव्हती. पुष्कळ काळ्या विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्या खोल्यांत सोबती म्हणून घेतले. त्यांना लवकर इंग्रजी बोलता यावे, हा त्यामागील हेतू होता.

या शाळेत त्या मुलांचे लांब केस कापले जात आणि पारंपरिक पोशाख सोडावा लागे. याचे त्यांना फार दुःख होई. गोऱ्या लोकांसारखे कपडे घातल्यावाचून आणि त्यांची भाषा बोलल्यावाचून मनुष्य सुधारलेला होत नाही, ही समजूत या नियमांच्या मुळाशी होती. तोही एक पूर्वग्रहच होता. बुकरने त्या मुलांचे दुःख पाहिले होते, आणि या समजुतीतील गर्वही त्याच्या ध्यानात आला होता.

एकदा त्यांतील एका आजारी मुलाला घेऊन बुकर वॉशिंग्टन शहरी निघाला. आगबोटीवर जेवणाची घंटा झाली. बुकरने शहाणपणाने बहुतेक प्रवासी जेवून जाईपर्यंत वाट पाहिली. मग दोघे भोजनगृहाच्या दाराशी गेले. त्या मुलाला जेवण मिळेल, पण बुकरला मिळणार नाही, असे तेथील अधिकाऱ्याने सांगितले. गमतीची गोष्ट ही, की त्या दोघांच्या अंगाचा रंग जवळजवळ सारखाच होता! पुढे शहरातील उतारगृहातही तोच प्रकार घडला. रंगाची म्हणून सांगितली जाणारी ती रेषा वास्तविक रंगाची नव्हतीच. ती पाहणाऱ्याच्या मनात ओढलेली होती.

१८८१ साली दक्षिणेतील अलाबामा राज्याच्या टस्कीगी या गावी काळ्या शिक्षकांसाठी एक शाळा काढण्याचे ठरले. पूर्वी गुलाम असलेले लुईस ॲडम्स नावाचे कारागीर आणि पूर्वी गुलामांचे मालक असलेले जॉर्ज कॅम्पबेल नावाचे गोरे व्यापारी, हे दोघे त्यासाठी झटत होते. शाळेच्या प्रमुखपदासाठी एखादा मनुष्य सुचवावा, असे पत्र आर्मस्ट्राँग यांना आले. तो मनुष्य गोराच असणार, हे पत्र लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते. आर्मस्ट्राँग यांनी बुकरचे नाव कळविले. टस्कीगीकरांनी तारेने होकार दिला.

बुकर टी. वॉशिंग्टन टस्कीगीला आले, तेव्हा तेथे शाळेची इमारत नव्हती. एक मोडकळीस आलेली झोपडी आणि शेजारचे प्रार्थनामंदिर यांत ४ जुलै १८८१ रोजी ३० विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. पाऊस आला की छप्पर गळे. मग एखादा विद्यार्थी गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी आणि पाठ चालू राही. लवकरच ५०० डॉलरांना १०० एकरांचा एक पडीक मळा घेण्यात आला. निम्मी रक्कम हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतः उसनी दिली.

येथे गुरुजींना दोन्ही बाजूंच्या चुकीच्या समजुतींशी सामना करावा लागला. गावातील गोऱ्यांच्या डोळ्यांसमोर शिकलेल्या काळ्या मनुष्याचे एक ठरावीक चित्र असे: डोक्यावर उंच टोपी, डोळ्यांवर सोनेरी चश्मा, हातात छडी, आणि कामाचा कंटाळा. काळी मुले शिकली की शेतांवर कोणी राबणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. इकडे विद्यार्थ्यांचीही समजूत काही कमी चमत्कारिक नव्हती. शिक्षण म्हणजे अंगमेहनतीतून सुटका, असे त्यांना वाटे. मळ्यातील झाडे-झुडपे तोडण्याचे काम निघताच त्यांनी नाके मुरडली. गुरुजी काही बोलले नाहीत. ते स्वतः कुऱ्हाड खांद्यावर टाकून रानात शिरले. ते पाहून विद्यार्थीही हळूहळू त्यांच्यामागून जाऊ लागले.

इमारतींसाठी विटा हव्या होत्या आणि गावात वीटभट्टी नव्हती. शाळेनेच विटा पाडाव्यात, असे गुरुजींनी ठरविले. गुडघाभर चिखलात तासन्‌तास उभे राहण्याचे ते काम विद्यार्थ्यांना मुळीच आवडत नसे. कित्येकजण शाळा सोडून गेले. मोठ्या कष्टाने सुमारे २५,००० विटा तयार करून भट्टी लावली. ती नीट रचली गेली नव्हती. सारा माल वाया गेला. दुसरी भट्टीही फसली. तिसरी भट्टी आठवडाभर पेटत ठेवावी लागली. आता काही तासांत विटा हाती येणार, अशी आशा वाटत असतानाच मध्यरात्री ती कोसळली. पैसा संपला होता. सहकारी शिक्षक हा नाद सोडण्यास सांगू लागले. गुरुजींनी माँटगोमेरी शहरी जाऊन आपले घड्याळ गहाण टाकले. त्याचे १५ डॉलर मिळाले. त्या पैशांवर चौथी भट्टी लागली, आणि ती साधली. घड्याळ कायमचे गेले. विटा मात्र मिळाल्या.

त्या विटा चांगल्या होत्या, म्हणून गावातील गोरे लोक त्या विकत घेण्यासाठी शाळेत येऊ लागले. ज्यांना काळ्यांचे शिक्षण डोळ्यांसमोरही नको होते, त्यांचाही त्यांत समावेश होता. एकदा व्यवहार सुरू झाला, की बोलणे सुरू होते. बोलणे सुरू झाले, की ओळख होते. शिकलेल्या काळ्या माणसाचे जे चित्र त्यांच्या मनात होते, ते या चिखलाने भरलेल्या, हिशोबाला चोख अशा मुलांशी जुळेना. शाळेच्या पहिल्या मोठ्या इमारतीच्या वेळी जवळच्या एका गोऱ्या गिरणीवाल्याने, हाती एक पैसा नसताना, केवळ गुरुजींच्या शब्दावर सारे लाकूड पुरविण्याची तयारी दाखविली. शाळेच्या मदतीसाठी वर्गणी निघे, तेव्हा गोरी कुटुंबेही आपला वाटा देत. आणि एकदा सत्तरीच्या एका गरीब काळ्या म्हातारीने आपली सहा अंडी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून आणून दिली. दक्षिणेतील सगळे गोरे सारखे नसतात, हे वॉशिंग्टन यांना पुन्हा एकदा प्रत्ययास आले.

शाळा वाढत गेली. शेती, सुतारकाम, लोहारकाम, छपाई, शिवणकाम असे अनेक उद्योग तेथे शिकविले जाऊ लागले. १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे थोर शेतीशास्त्रज्ञ टस्कीगीस येऊन मिळाले. १८९५ साली अटलांटा येथे गोऱ्या व काळ्या श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणामुळे वॉशिंग्टन यांचे नाव देशभर झाले, आणि १९०१ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

तरीही पूर्वग्रहाचे मूळ किती खोल असते, याचा अनुभव त्यांना त्याच वर्षी आला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये, भोजनास बोलाविले. एका काळ्या माणसाने अध्यक्षांच्या पंक्तीला बसावे, एवढ्यावरून दक्षिणेतील वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केले. विटा विकत घेणारे हात मताचा अधिकार देण्यास तयार नव्हते. दक्षिणेतील राज्ये नवे कायदे करून काळ्यांचा मतदानाचा हक्क काढून घेत होती. शाळा, आगगाड्या, उपाहारगृहे, सर्व ठिकाणी त्यांना वेगळे ठेवले जात होते. अशा वेळी कामाने मने जिंकण्याची वाट पाहणे पुरेसे नाही, हक्कांसाठी उघड लढले पाहिजे, असे डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस या विद्वान कृष्णवर्णीय पुढाऱ्याचे मत होते. १९०३ साली त्यांनी वॉशिंग्टन यांच्या मार्गावर कडक टीका केली. त्या टीकेत पुष्कळ तथ्य होते. वॉशिंग्टन जाहीरपणे सबुरीची भाषा बोलत. मात्र मतदानाच्या हक्कासाठी चाललेल्या खटल्यांना ते गुप्तपणे पैसा पुरवीत होते, ही गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने उजेडात आली. ज्यांनी त्यांना केवळ भित्रे म्हटले, त्यांनाही हा मनुष्य पुरता कळला नव्हता.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांना एक मोलाचा मित्र मिळाला. शिकागोचे धनाढ्य ज्यू व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड हे १९११ साली टस्कीगी पाहण्यास आले आणि त्या कार्याने भारावून गेले. खेडोपाडीच्या काळ्या मुलांसाठी शाळा बांधाव्यात, ही योजना दोघांनी मिळून आखली. प्रारंभी अलाबामात सहा लहान शाळा उभ्या राहिल्या. रोझेनवाल्ड यांच्या देणगीला गावोगावच्या गरीब काळ्या लोकांनी आपल्या कष्टाच्या पैशाची व श्रमाची जोड दिली. १९३२ सालापर्यंत दक्षिणेत अशा सुमारे ५,००० शाळा झाल्या.

ते वैभव पाहण्यास वॉशिंग्टन राहिले नाहीत. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. मरण टस्कीगीतच यावे, अशी त्यांची इच्छा होती. न्यूयॉर्कहून आगगाडीने त्यांना घरी आणण्यात आले आणि १४ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांनी देह ठेवला. गळक्या झोपडीतील ३० विद्यार्थ्यांच्या जागी तेव्हा सुमारे १,५०० विद्यार्थी होते आणि इमारतींची संख्या १०० च्या वर गेली होती. वंशभेदाला आधार देणारे दक्षिणेतील कायदे मोडून पडण्यास मात्र पुढे आणखी अर्धशतक लागले. त्यासाठी दुसऱ्या अनेकांना उघड लढा द्यावा लागला.

शितावरून भाताची परीक्षा होते. माणसाची परीक्षा तशी होत नाही. एका माणसावरून त्याच्या साऱ्या जातीला, रंगाला किंवा धर्माला जोखणे हा सोपा मार्ग आहे, म्हणूनच पुष्कळ लोक तो धरतात. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचाही पाय त्या मार्गावर घसरू शकतो. बुकर वॉशिंग्टन यांचाही पाय घसरू पाहत होता. परंतु प्रत्येक वेळी ते त्या माणसांपाशी गेले, त्यांच्यात राहिले, त्यांच्याबरोबर हात मळवून काम केले, आणि मगच आपले मत बनविले.

टस्कीगी येथे त्यांचे राहते घर जतन करून ठेवलेले आहे. ते विटांचे आहे, आणि त्या विटा त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतः पाडलेल्या आहेत.